उंबरठा नसलेली जागा

एडिसन, ८ जून २००६

ती. दादास,

नमस्कार. तो खाली वाकून घातला आहे असं समज, कारण फोनवर घालायची सोय तू ठेवलेली नाहीस. मी फोन केला की तो वाजत राहतो आणि मग सुलेखावहिनींचा आवाज येतो, मेसेज ठेवा म्हणून. ठेवलेल्या मेसेजचं पुढे काय होतं ते तुझ्या मशीनला आणि तुलाच माहीत. राधिकाशी मात्र दर रविवारी तासभर गप्पा चालतात. म्हणजे फोन नीट आहे, कानही नीट आहेत, बिघाड फक्त माझ्या नावात आहे. म्हणून पत्र लिहिते आहे. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

राधिकाचं लग्न बावीस जुलैला, शनिवारी. तिने तुला सांगितलंच आहे. चातुर्मासात लग्न कसं करता, असं तू म्हणणार, तेही मी इथे बसून ऐकलं. गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले, काकू, या देशात हॉल मिळाला तो मुहूर्त.

हे वाक्य वाचून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. पडू दे. हॉलचा विषय निघालाच आहे तर काढतेच, कारण तुझी आठवण तुझ्या सोयीची आहे. मे २००१, सौमित्रची मुंज. शाळेचा हॉल बारापर्यंतच मिळाला होता. तुमचं मिनियापोलिसचं विमान उशिरा सुटलं. आम्ही थांबलो, गुरुजी थांबले, जेवणवाला थांबला. थांबला नाही तो शाळेचा माणूस. किल्ल्यांचा जुडगा घेऊन तो दारात येऊन उभा राहिला आणि एकेक दिवा बंद करायला लागला. मामाशिवाय मुंज कशी लावायची, म्हणून गुरुजींनीच ह्यांच्या मित्राला, संजीवला, मामाच्या जागी उभं केलं. आणि तू टॅक्सीतून उतरून आत आलास तो नेमका संजीवला मामाचा आहेर देत होतो तेव्हाच.

तुझा अपमान झाला हे मी कधी नाकारलं? पण तू काय केलंस? वहिनींना आत बसूही न देता पार्किंग लॉटमध्ये उभा राहून शपथ घेतलीस, या बाईच्या घराचा उंबरठा पुन्हा चढणार नाही. हॉल बंद होत होता हे मी तुला तिथेच सांगितलं. तू म्हणालास, हॉल बंद होतो हे निमित्त आहे, माणसाची वाट बघायची असली की जागा बंद होत नाहीत. पाच वर्षं झाली. मी अजून त्या वाक्याला उत्तर शोधते आहे.

ते असो. राधिका म्हणते, मामा मला बोहल्यावर घेऊन जाणार नसेल तर मी स्वतः चालत जाईन, पण दुसरा कोणी मामा म्हणून उभा करायचा नाही. पोरीचं बरोबर आहे. एकनाथ इकडे आले आणि आमचा व्हिसा लटकला, तेव्हा ती आणि मी धरमपेठेत तुझ्याकडे तीन वर्षं होतो. तिला लूनावर पुढे उभं करून शाळेत तू सोडलंस. ती तिच्या बापाला फोटोत ओळखायची आणि तुला पावलाच्या आवाजावरून.

तेव्हा आता ऐक. तू जुलैच्या पहिल्या आठवड्यात ऑफिसच्या कामाने इकडे येतो आहेस, हे मला राधिकाकडून कळलं. तुझी शपथ मला मोडायला लावायची नाही. रेस्टॉरंटमध्ये जायचं नाही. ओक ट्री रोडवर, आपल्या लोकांच्या बाजारात, आपण दोघं भांडलो तर संध्याकाळपर्यंत महाराष्ट्र मंडळाच्या सगळ्यांच्या ईमेलवर पोचेल. राधिकानेच तोड काढली. इथून चाळीस मिनिटांवर एक स्टेट पार्क आहे, तळं आहे, झाडाखाली शेड आहे, लाकडी टेबलं आहेत. ती जागा ना तुझी, ना माझी. सरकारची. तिला उंबरठाच नाही. तिथे तू राधिकाला मामाचं केळवण कर. स्वयंपाक मी करून आणते, वाढायचं तू. गुरुवार, सहा जुलै, दुपारी बारा. रीतसर अर्ज करून शेड घेतली आहे, शिक्क्याचा कागदही आला आहे.

होय किंवा नाही एवढं कळव.

मीना


एडिसन, २२ जून २००६

ती. दादास,

तुझं कार्ड मिळालं. "येईन. अर्धा तास. गु." एवढ्या शब्दांना कार्डावर जागा पुरली याचं नवल वाटलं. पाच वर्षांनी बहिणीला लिहायचं आणि पूर्ण नावही नाही. वाण्याची उधारीसुद्धा याहून मायेने लिहिलेली असते.

पण खरं सांगते, ते कार्ड मी फ्रिजवर लावलं आहे. सौमित्र आता तेरा वर्षांचा आहे. त्याने वाचून विचारलं, "हू इज गु?" मी म्हटलं, तुझा गुरुनाथमामा. तो म्हणाला, "द वन हू इज मॅड अॅट मी?" मी त्याला सांगितलं की तुझ्यावर नाही, माझ्यावर आहे. त्याला ते पटलेलं दिसलं नाही. मुंज त्याची होती ना, म्हणून त्याचा समज तसा झाला आहे. तू हे लक्षात घ्यावंस म्हणून लिहिलं, टोमणा म्हणून नाही. थोडा टोमणाही आहे.

मेनू असा: पुरणपोळी, कटाची आमटी, वडाभात आणि पुडाची वडी. पुडाच्या वडीला लागेल तेवढी कोथिंबीर आणायला आयसेलिनला जाईन. एकनाथ म्हणाले, पिकनिकला सँडविचेस नेतात. मी म्हटलं, ही पिकनिक नाही. तूप मी वेगळं आणणार आहे, तेव्हा कोलेस्टेरॉलची गोष्ट त्या दिवशी काढायची नाही.

अर्धा तास म्हणालास. बघू अर्ध्या तासात तुझ्याने वडाभात संपतो का.

मीना


एडिसन, ५ जुलै २००६, सकाळ
(राधिकाच्या हाती, तुझ्या हॉटेलच्या काउंटरवर)

ती. दादास,

तू आज दुपारी उतरशील तेव्हा हे तुझ्या हातात पडेल. आधी शांतपणे बस. मी बसलेली नाही, मी सकाळपासून स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालते आहे.

पार्क बंद झालं.

का, तर न्यू जर्सीचं सरकारच बंद झालं आहे. आपल्याकडे विरोधी पक्ष बंद पुकारतो आणि सरकार तो मोडतं. इथे सरकारने स्वतःच बंद पुकारला आहे आणि तो मोडायला कोणी नाही. विक्रीकर सहा टक्क्यांचा सात करायचा की नाही यावरून गव्हर्नर आणि विधानसभा यांचं जुंपलं. तीस जूनपर्यंत बजेट झालं नाही. शनिवारपासून सरकारी कचेऱ्या बंद. लायसनच्या ऑफिसला कुलूप. लॉटरीसुद्धा बंद, त्याचं मला सुतक नाही. पण आज सकाळपासून पार्कही बंद. चोर सोडून संन्याशाला फाशी. बजेट त्यांनी केलं नाही आणि शिक्षा माझ्या पुरणाला.

सोमवारी मी पार्कच्या ऑफिसला फोन केला होता. तिथली बाई म्हणाली, आज तरी उघडं आहे, पुढचं सांगता येत नाही. मी म्हटलं, गुरुवारची शेड माझ्या नावावर आहे, तुमच्याच शिक्क्याचा कागद माझ्याकडे आहे. ती म्हणाली, "होपफुली." मला सांग, शिक्का मारताना होपफुली म्हणाली होती का? आज फोन केला तर रेकॉर्ड केलेला आवाज, पुढील सूचना मिळेपर्यंत. मी त्या आवाजाशीसुद्धा भांडले. सौमित्र म्हणाला, "आई, दॅट्स अ मशीन." मी म्हटलं, माहीत आहे, पण माणूस नाहीये तर कोणाला सांगू?

तळं बंद कसं करतात, दादा? झाडाला रजेवर कसं पाठवतात? शेडखाली बसून चार माणसं जेवली तर सरकारचा कोणता खर्च वाढतो? एकनाथ म्हणाले, कर्मचारी नसतात, कोणी बुडालं तर जबाबदारी कोणाची. मी म्हटलं, आमच्यात तळ्यात शिरणारं कोणी नाही, आम्ही जमिनीवरच एकमेकांना बुडवतो.

एकनाथ असंही म्हणाले की काउंटीची उद्यानं चालू आहेत, इथे जवळच रूझवेल्ट पार्क आहे, तिथे जा. चौकशी केली. एकही शेड शिल्लक नाही, स्टेट पार्कातली सगळी गर्दी तिकडेच वळली आहे. आणि गवतावर बसायचं म्हटलं तर तिथे सकाळ-संध्याकाळ आपलेच आजी-आजोबा फेऱ्या मारतात. प्रत्येक फेरीला थांबून विचारतील, हे कोण, पूर्वी दिसले नाहीत.

डाळ भिजत घातली आहे. रात्री पुरण शिजणार. मी तुला घरी ये म्हणत नाही. म्हणणारही नाही, नाहीतर तुला वाटेल गव्हर्नरशी मी संगनमत केलं. पण तूच सांग, आता कुठे बसायचं? राधिकाला फोन करून सांग.

मीना


एडिसन, ६ जुलै २००६, संध्याकाळ
(पुन्हा राधिकाच्या हाती)

ती. दादास,

तू उद्या सकाळी निघणार, तेव्हा हे आजच पोचायला हवं. कारण राधिकाला गाडीतून फोन करून तू सांगितलंस की "तुझी आई फाटकापाशी रडली." मी रडले नाही. माझ्या डोळ्यांत पुडाच्या वडीचा मसाला गेला होता. डबा उघडून कोण दाखवत होतं त्या पोलिसाला? मीच ना?

आता सगळं नीट लिहून ठेवते, म्हणजे वहिनींपर्यंत तुझंच म्हणणं जायला नको.

काल रात्री राधिकाला तू फोनवर काय म्हणालास ते तिने मला सांगितलं. "पार्क कधी बंद होतं का? ही तुझ्या आईची युक्ती आहे. शेवटी घरीच ये म्हणायचं आहे तिला." ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पाच वर्षांपूर्वी हॉल बंद होत होता ते निमित्त, आता अख्खं राज्य बंद झालं तीही माझीच युक्ती. एकनाथ म्हणाले, जाऊ दे, उद्या काही होत नाही, पुरण फ्रीज कर. पण मी तुला ओळखते. मी म्हटलं, तो खात्री करायला येणार. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, मला खोटं पाडायला. म्हणून पहाटेच उठून पोळ्या लाटल्या.

आणि तू आलासच. आमच्या आधी. भाड्याची गाडी फाटकाच्या आडव्या दांड्याला नाक लावून उभी, आणि तू तो बोर्ड वाचत होतास. पाठमोरा असलास तरी कळत होतं की दुसऱ्यांदा वाचतो आहेस. त्या क्षणी मला त्या सरकारचा राग आला नाही एवढंच खरं. पहिल्यांदाच कोणीतरी माझ्या बाजूने साक्ष दिली होती, तीही लोखंडी दांडा घालून.

मी वाटच बघत होते तू काय म्हणतोस याची. तू म्हणालास, "गाडी जरा बाजूला घ्या, मागून कोणी येईल." पाच वर्षांनी पहिलं वाक्य हे. मीही म्हटलं, बंद रस्त्यावर कोण येणार आहे?

आला तो पोलीस. तरुण होता, सभ्य होता, ते मी नाकारत नाही. म्हणाला, पार्क बंद आहे, इथे थांबता येणार नाही. मी त्याला शिक्क्याचा कागद दाखवला. त्याने तो नीट वाचला, तारीख बघितली, घड्याळ बघितलं आणि म्हणाला, कागद बरोबर आहे, पण पार्क बंद आहे. मग मी डबे दाखवले. लग्न होणाऱ्या मुलीला मामाने जेवू घालायचं असतं हे समजावून सांगितलं. त्याचं तेच, मॅम, पार्क बंद आहे.

आणि मग तू पुढे आलास. मी खोटं का बोलू, मला बरं वाटलं. तू त्याला सांगायला लागलास की माझ्या बहिणीने सरकारवर विश्वास ठेवून अर्ज केला, सरकारने मंजूर केला, मग तिचा दोष काय? तुमची भांडणं तुम्ही तुमच्या राजधानीत करा, आमच्या जेवणात का? तुझं इंग्रजी ऑफिसचं राहिलं नव्हतं, ते धरमपेठेतल्या चौकातलं झालं होतं. राधिका मागून म्हणत होती, "मामा, प्लीज यार, डोन्ट स्टार्ट." पण तू सुरू झाला होतास आणि मी तुझ्या शेजारी उभी होते. तू थांबलास की मी, मी थांबले की तू. तो बिचारा एकदा तुझ्याकडे बघायचा, एकदा माझ्याकडे. आपण दोघांनी मिळून तिसऱ्याशी भांडण केल्याला किती वर्षं झाली असतील?

शेवटी तो म्हणाला, "डू यू फोक्स लिव्ह निअरबाय? व्हाय नॉट जस्ट गो होम?"

तू म्हणालास, "शी डझ. आय कॅनॉट गो देअर. आय हॅव टेकन अॅन ओथ."

"इन कोर्ट?"

"नो. इन अ पार्किंग लॉट."

राधिका गाडीवर डोकं टेकून हसत होती. तो पोलीस हसला नाही. तो म्हणाला, मी पुढच्या वळणापर्यंत जाऊन येतो, तोवर तुम्ही निघा. आणि सावकाश गेला. चांगल्या घरचा असावा.

मग तू डबा उघडलास, गाडीच्या टपावर ठेवून पोळीचा तुकडा मोडलास, तुपात बुडवून राधिकाला भरवलास. औक्षणाचं ताट मी आणलं होतं, पण वाऱ्याने निरांजन राहीना, तेव्हा तू नुसतंच कुंकू लावलंस. झालं मामाचं केळवण. वडाभात तसाच राहिला. स्वतः मात्र एक घासही घेतला नाहीस. विचारलं तर म्हणालास, दुपारी मीटिंग आहे. पुरणपोळी आणि मीटिंग यांचं काय वैर आहे ते मला कळलेलं नाही.

जाताना तू फाटकाकडे बघत जे विचारलंस ते मी पुन्हा लिहिते, कारण तू ते वहिनींना सांगणार नाहीस.

"त्या हॉलचंही असंच होतं?"

मी म्हटलं, "हो. अगदी असंच."

तू गाडीचं दार उघडलंस. राधिकाने विचारलं, मामा, बावीसला येणार ना? तू म्हणालास, "बघू." आणि गाडी वळवलीस.

बघू म्हणजे काय, दादा? एवढं डोळ्यांनी बघितलंस आणि अजून बघायचं काय राहिलं?

मीना


एडिसन, १० जुलै २००६

ती. दादास,

सरकार उघडलं. शनिवारी त्यांची तोड निघाली, एक टक्का वाढला, सगळे हात मिळवून घरी गेले. टीव्हीवर म्हणाले, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. गैरसोय. तुझ्या-माझ्या पाच वर्षांत एक दिवस उगवला होता, त्याला यांनी दांडा घातला आणि त्याचं नाव गैरसोय.

आज त्या पार्कच्या बाईचा फोन आला. आवाज गोड. म्हणाली, तुमच्या शेडसाठी दुसरा कोणताही गुरुवार देऊ शकतो. मी म्हटलं, बाई, माझा भाऊ दर गुरुवारी येत नाही. ती म्हणाली, मग एखादा वीकेंड? मी तिला सगळं सांगत बसले नाही. तिनेही काही कमी सोसलं नसेल, तिचाही पगार अडकला होता म्हणे. पण फोन ठेवल्यावर मला माझाच असा राग आला की काही विचारू नको.

कारण काय, ते ऐक. आपण सरकारच्या दारात गेलोच कशाला? अर्ज केला, शिक्का घेतला, चाळीस मिनिटं गाडी हाकली, कुठे तर उंबरठा नसलेली जागा शोधायला. आणि माझ्या घरासमोर एवढं मोठं अंगण पडलं आहे. त्याला उंबरठा आहे का? रस्ता, मग हिरवळ, मग पायरी, मग दार. उंबरठा दाराला. हिरवळीवर उभं राहिलं तर तुझी शपथ जशीच्या तशी. वीस वर्षं या घरात राहून हे माझ्या डोक्यात आलं नाही. इथे आपण अंगणाला लॉन म्हणायला लागलो आणि ते फक्त कापायचं असतं असं समजून बसलो.

तेव्हा मी ठरवलं आहे. शुक्रवारी, एकवीसला, राधिकाचं ग्रहमख आणि देवक अंगणात. घरात होणार नाही. मांडव घालणार. एकनाथ म्हणाले, शेजारी काय म्हणतील, आणि मांडवाला टाऊनशिपची परवानगी लागते का ते विचारावं लागेल. मी म्हटलं, तुम्हाला विचारायचं तर विचारा, पण आता कुठल्या शिक्क्यावर मी विसंबणार नाही. नाही म्हणाले तर मांडव नाही घालणार, उन्हात बसू. गुरुजी मात्र खूश आहेत. गेल्या महिन्यात कोणाकडे तरी होमाच्या धुराने अलार्म वाजला आणि फायर ब्रिगेड आली होती. काकू, उत्तम, बाहेरच करू, म्हणाले.

त्या दिवशी मामा लागतो. संजीवला मी सांगून ठेवलं आहे की शुक्रवारी आमच्या रस्त्यावरूनसुद्धा जाऊ नकोस. तो बिचारा पाच वर्षं तुझ्या नावाला घाबरतो. त्याचाही काही गुन्हा नव्हता, हाताला धरून उभा केला तर उभा राहिला.

राग धर, हवा तेवढा धर. मी तुझ्याकडे माफी मागायला बसलेली नाही, कारण किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात नव्हता. पण मामा म्हणून राधिकाजवळ तुझ्या जागी कोणी उभं राहणार नाही, हे मी लिहून देते. तू आला नाहीस तर ती जागा रिकामी राहील आणि शनिवारी हॉलमध्ये चारशे माणसं ती बघतील. गुरुजींनी विचारलं तर मी सांगेन, आमचा माणूस बघतो आहे.

माझं अंगण कुठल्याही सरकारला बजेटसाठी बंद करता येत नाही. वहिनींना घेऊन ये.

मीना


एडिसन, १ ऑगस्ट २००६

ती. दादास,

आता तू माझा फोन उचलतोस, तरी पत्र लिहिते आहे. फोनवर तू मध्ये मध्ये बोलतोस आणि माझं राहून जातं. आणि काही गोष्टी कागदावर असलेल्या बऱ्या, विशेषतः तुझ्या बाबतीत.

काल वहिनी मला म्हणाल्या, "अहो मीनाताई, हे सांगतात, तुम्ही हाताला धरून ओढतच आत नेलंत म्हणून." साफ खोटं. पाच वर्षांनी समेट झाला आणि दहा दिवसांत तू त्याचीही तुझी आवृत्ती काढलीस. म्हणून जे झालं ते लिहिते. हे वहिनींना मोठ्याने वाचून दाखवायचं.

शुक्रवारी सकाळी तुम्ही दोघं आलात. गाडी रस्त्यावर लावलीस, ड्राइव्हवेत नाही. मी बघत होते. हिरवळीवरून चालत मांडवात आलास आणि पाटावर बसलास. गुरुजी सांगतील ते मुकाट्याने केलंस. शेजारची बाई कुत्र्याला फिरवताना थांबून बघत होती, तिला राधिकाने कोपऱ्यात खुर्ची दिली. ऊन वाढत गेलं. होमाची धग, वरून जुलैचं ऊन, आणि तू रेशमी सोवळं नेसलेला. घाम कानामागून वाहत होता. राधिका म्हणाली, मामा, पाच मिनिटं सावलीत बस. तू म्हणालास, इथेच बरा आहे. सगळ्यांना कळत होतं की सावली कुठे आहे.

शेवटचा नमस्कार झाला. मी पाण्याचा तांब्या-भांडं घेऊन पायरी उतरून तुझ्याकडे येत होते. मी शब्दसुद्धा काढला नव्हता. दोन्ही हातांत तांब्या-भांडं होतं, तर तुझा हात कशाने धरला असेल, हे वहिनींनीच सांगावं. तू तुझे बूट पायात सरकवून मांडवातून निघालास, पायरीपाशी आलास आणि माझ्याकडे न बघता म्हणालास,

"उन्हात किती वेळ ठेवणार आहेस मला? पाणी आत दे."

आणि बूट पायरीवर काढून तू आत गेलास. आधी तू. मी मागे. एवढंच. यात ओढाताण कुठे आली?

शनिवारी राधिकाला घेऊन तू बोहल्याकडे चालत गेलास त्याबद्दल मी काही लिहीत नाही. ते सगळ्यांनी पाहिलं आहे आणि त्यात तुझं-माझं दुमत नाही. हॉलवाल्याने दिवे मिचकावले तेव्हा तू त्याच्याशी जे बोललास, त्याबद्दलही नाही. दहा मिनिटं जास्त मिळाली.

पण शुक्रवारचं एक तुला माहीत नाही, ते आता सांगते. तू आत गेल्यावर मी मागे का राहिले होते? तुझे बूट उचलत होते. पायरीवर ठेवले असते तर पाणी पिऊन तू निघाला असतास, मी तुला ओळखते. ते मी कपड्यांच्या मशीनमागे सारले. म्हणून तू जेवलास, म्हणून झोपलास, आणि म्हणून संध्याकाळी अनवाणी घरभर बूट शोधत हिंडलास. वहिनींना वाटलं, बूट चोरायला मुलीकडच्यांनी एक दिवस आधीच सुरुवात केली.

तू देवघर पाहिलंस, स्वयंपाकघर पाहिलंस, माळ्याची शिडी चढून पाहिलंस. मी भाजी निवडत बसले होते. मग सौमित्रच्या खोलीत गेलास. तिथे बूट नाहीत हे दारातूनच दिसत होतं, तरी आत गेलास आणि दार लोटून घेतलंस. बराच वेळ आतून आवाज येत होता, तुझा मराठीत आणि त्याचा इंग्रजीत. काय बोललात ते मी त्याला विचारलं नाही, तुलाही विचारत नाही. बाहेर आलास तेव्हा बुटांचं तू विसरून गेला होतास.

मीना